दादा या नानी

चंद्रहास मोहितेला माणसाला नुसत्या नावाने हाक मारताच येत नाही. विट्याला वाढलेला माणूस. तिथे आपल्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठा असलेला कुणीही दादाच असतो, आणि लहान असला तरी त्याच्याकडून काम काढून घ्यायचं असेल तर तोही दादाच. ही सवय तो मेलबर्नला घेऊन आला आणि क्रेगीबर्नमध्ये घर बांधलं तरी सुटली नाही. हायवेलगतच्या ज्या वर्कशॉपमध्ये तो ट्रकची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो, तिथला लेबनीज मालक त्याच्यासाठी जोसेफदादा आणि समोरचा ग्रीक टायरवाला स्पायरोदादा. गोऱ्या ट्रक ड्रायव्हरांना तर हे त्याचंच नाव वाटतं. ते गेटातून आत शिरतानाच ओरडतात, "हाऊ यू गोइंग, डाडा?" तोही हात वर करतो.

माणूस भला. आजूबाजूच्या मराठी घरांत कुणाची गाडी सुरू होईना झाली की पहिला फोन त्याला. अशा या माणसाने आपल्या जिवलग मित्राचा कान पान्याने फोडला होता, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण फोडला होता, आणि त्याचा त्याला पस्तावाही नव्हता. त्या मित्राने, विवेकने, मुहिंदोला धरून दिलं, विवेकने त्याला मारवलं, ही खात्री तो इतकी वर्षं उराशी बाळगून होता. तिच्यावरच त्याला रात्री झोप लागायची. ती खोटी ठरली तर मुहिंदोला कुणी मारवलं, हा प्रश्न परत उभा राहिला असता, आणि त्याचं उत्तर शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नसतं.

मुहिंदो कोण, ते सांगायचं तर काँगोत जायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या आधी चंद्रहास आणि पुण्याचा विवेक, दोघे पूर्व काँगोतल्या एका डोंगरावर नोकरीला होते. एका भारतीय व्यापाऱ्याचा तिथे खनिज खरेदीचा तळ होता. डोंगरातून काळी, जड माती निघायची. तिच्यातला धातू जगभरच्या फोनमध्ये जातो. लोक हाताने खणायचे, पोती पाठीवर वाहून आणायचे, आणि तळावर ती माती धुऊन विकत घेतली जायची. पंप, जनरेटर आणि ट्रक चालते ठेवणं चंद्रहासचं काम. व्यवहार आणि लोकांशी बोलणं विवेकचं, कारण त्याने वर्षभरात स्वाहिली भाषा उचलली होती. चंद्रहासने तिच्या वाटेला जायचे कष्ट घेतले नाहीत. मराठी, मोडकी हिंदी आणि हातवारे यांवर त्याचं झकास भागत होतं.

त्या देशात जमिनीखाली काय नाही ते विचारा. तांबं, सोनं, हिरे, कोबाल्ट. जमिनीवर मात्र रस्ता नाही, दिवा नाही, दवाखान्यात सलाईनची बाटली नाही. सरकार राजधानीत असतं असं म्हणत, आणि राजधानी इतकी लांब की तिथला हुकूम डोंगरावर पोचेपर्यंत मंत्री बदललेला असायचा. शिपायांचे पगार तिथून निघायचे आणि वाटेत साहेबांच्या खिशांत जिरायचे. मग ज्याच्या हातात बंदूक, त्याने आपला पगार आपणच वसूल करायचा. खाणीपासून शहरापर्यंतच्या वाटेवर ठिकठिकाणी आडवा बांबू. एकावर पोलीस, पुढच्यावर लष्कर, त्याच्या पुढे बंडखोर, आणि प्रत्येकाला पोत्यामागे कर हवा. बंडखोर तर शिक्का मारून पावतीही द्यायचे, तेवढं सरकार त्यांनाच जमलं होतं. डोंगरावर एका कर्नलचं राज्य होतं. तो सरकारच्या बाजूचा की विरुद्धचा, हे महिन्यागणिक बदलायचं. गणवेश तेवढा तोच राहायचा.

कर्नलचा कायदा एका ओळीचा होता: शनिवारी जे खणाल ते माझं. न खणणाऱ्याची पाठ फोडून काढायची, हे त्या कायद्याचं कलम.

मुहिंदो खणणाऱ्यांचा म्होरक्या होता. चंद्रहासपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, समोरचे दात पडलेला. मलेरियाने चंद्रहास बेशुद्ध झाला तेव्हा ट्रक चिखलात रुतलेले होते. मुहिंदोने त्याला पाठीवर बांधून, मातीचं पोतं नेतात तसा, अख्खा डोंगर उतरून दवाखान्यात नेला, आणि वाटेतल्या प्रत्येक बांबूवर स्वतःच्या खिशातून सुटका करून घेतली. त्या दिवसापासून तो चंद्रहासचा मुहिंदोदादा झाला. ही हाक ऐकली की खाणीतले लोक पोट धरून हसायचे. विवेकही हसायचा. मुहिंदो मान वाकडी करून, मुद्दाम बारीक आवाज काढून उलट "ओ दादा" करायचा. चंद्रहासला वाटायचं, किती प्रेमळ लोक आहेत.

एका शनिवारी खाणीत कुणी उतरलंच नाही. मुहिंदोने सगळ्यांना सांगितलं होतं की सहा दिवस पोरांच्या तोंडचा घास काढून कर भरतो, सातवा दिवस आपला. दुपारी कर्नलचे शिपाई ट्रक भरून आले. त्यांनी वरच्या वस्तीपासून सुरुवात केली. दाराशी जो दिसेल त्याच्या तोंडात बंदुकीचा दस्ता. भजी तळणाऱ्या म्हाताऱ्याला त्याच्याच उकळत्या कढईवर ढकललं. पळणाऱ्या एका पोरगेल्या माणसाच्या पाठीत गोळी घातली, तो माती धुण्याच्या डबक्यात पालथा पडला आणि तिथलं काळं पाणी हळूहळू लाल झालं. झोपड्या पेटल्या. बायकांना केसांना धरून ओढत नेताना त्यांच्या किंकाळ्या खाली तळापर्यंत येत होत्या. चंद्रहास जनरेटरपाशीच उभा राहिला.

मागच्या कुंपणातून मुहिंदो आत आला. कपाळ फुटून एक डोळा रक्ताने बंद झालेला. चंद्रहासने त्याला सुट्या भागांच्या कंटेनरमध्ये ढकललं, टायरांच्या थप्पीमागे बसवलं आणि दार लावलं. शिपाई फाटकाशी आले तेव्हा विवेक पुढे झाला. त्याने हात जोडले, गालावर एक चपराक खाल्ली, नेहमीचं पाकीट दिलं आणि बिअरचे खोके काढून दिले. शिपायांनी खोके खांद्यावर घेतले आणि ते ट्रककडे निघाले. निघाले होते ते. हे चंद्रहासने आयुष्यभर स्वतःला सांगितलं, की ते निघाले होते.

कंटेनरच्या पत्र्याला गंजून भोक पडलं होतं. आत मुहिंदो खोकत होता. चंद्रहासने भोकाला तोंड लावलं.

"दादा, खोकू नको. चालले ते. थोडं थांब, दादा."

एक शिपाई लघवीला कंटेनरमागे गेला होता. तो पँट सावरत बाहेर आला, चंद्रहासकडे बघून दात काढले आणि हवालदाराला ओरडून काहीतरी म्हणाला. त्यात दादा हा शब्द होता. सगळे हसले. हवालदार विवेककडे वळला आणि त्याने विचारलं, "दादा या नानी?" हे तीन शब्द चंद्रहासच्या कानात पक्के बसले, कारण ते घरातलेच वाटत होते. आपली टिंगल चालली आहे, असं तो समजला.

आणि विवेक हसला. मोठ्याने, मान मागे टाकून हसला, चंद्रहासकडे आणि कंटेनरकडे हात करून भराभरा काहीतरी बोलला. हवालदार त्या दिशेला बघत राहिला आणि सरळ कंटेनरकडे चालू लागला. दार उघडताना शिपायांचे चेहरे वेगळेच होते. माणूस मारायला निघालेल्यांचे ते चेहरे नव्हते, जत्रेला निघालेल्यांचे होते. आतून मुहिंदो निघाला तेव्हा ते क्षणभर गोंधळले, मग चिडले, आणि मग त्यांनी त्याला ओळखलं.

पुढचं सांगवत नाही, पण सांगायला हवं. त्यांनी चंद्रहासला पालथं पाडून त्याच्या मानेवर बूट ठेवला. मुहिंदोला ओढत वर्कशॉपच्या ऐरणीपाशी आणलं, त्याचे हात तिच्यावर दाबून धरले आणि खणायच्याच पहारीने ते ठेचले. आधी डावा, मग उजवा. शनिवारी खणायचं नाही ना, मग कधीच खणू नको, असं हवालदार म्हणत होता, हे नंतर कळलं. मुहिंदो ओरडला तो आवाज माणसाचा राहिला नव्हता. शेवटी गोळी घातली तेव्हा चंद्रहासला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून तो पुढे कित्येक दिवस स्वतःच्या तोंडावर थुंकायला तयार होता. मरण्याआधी मुहिंदोने त्याच्याकडे पाहून मान हलवली होती. पुढे येऊ नको असं म्हणत असेल, असा त्याने अर्थ लावला.

शिपाई गेल्यावर त्याने विवेकला एकच प्रश्न केला, तू का हसलास. "मी काही सांगितलं नाही, चंद्या," एवढंच तो म्हणाला. आणि चंद्रहासने मनातला निकाल तिथेच लावला.

वर्षभराच्या अंतराने दोघे ऑस्ट्रेलियात आले. विवेक अकाउंटिंग शिकायला सिडनीला गेला आणि तिथल्याच गिरावीनमध्ये स्थिरावला. चंद्रहास मेकॅनिकच्या व्हिसावर मेलबर्नला. येणं-जाणं राहिलं, कारण ते डबकं आणि ती ऐरण माहीत असलेला दुसरा माणूस या खंडात नव्हता. मग चंद्रहासच्या क्रेगीबर्नच्या घराची वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात बार्बेक्यू होता. शेजारच्या सोहमने आफ्रिकेतल्या गमती विचारल्या, आणि बंडखोर लाच घेऊन शिक्क्याची पावती कसे द्यायचे ते विवेक रंगवून सांगायला लागला. सांगता सांगता मान मागे टाकून हसला. तेच हसणं.

चंद्रहास शांतपणे उठला, आपल्या यूट गाडीच्या हौद्यातून चाकाचा पाना घेऊन आला आणि त्याच्या डाव्या कानावर हाणला. विवेक खुर्चीसकट गवतावर आडवा झाला. त्याच्या बरगड्यांत चंद्रहासने लाथा घातल्या, पुन्हा पाना उगारला. सोहमने मागून कवळ घातली म्हणून तो दुसरा घाव चुकला. कानातून रक्त येत होतं, चंद्रहासचा छोटा मुलगा वेद दारात उभा राहून किंचाळत होता, आणि नीरजा नवऱ्याकडे असं बघत होती की हा कोण माणूस आपल्या घरात शिरला.

हॉस्पिटलमध्ये विवेकने शिडीवरून पडलो असं सांगितलं. डॉक्टरने दोनदा विचारलं, त्याने दोनदा तेच सांगितलं. त्या वेळी चंद्रहासच्या पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, फाईल सरकारदरबारी होती. पोलिसांत नाव गेलं असतं तर ती तिथेच संपली असती. विवेकचा तो कान मात्र कायमचा गेला. या उपकाराचा चंद्रहासने काय अर्थ काढावा? अपराधी माणूस आवाज कशाला करेल, असा. त्यानंतर त्याने गिरावीनचं नाव काढलं नाही. नीरजाने विषय काढला की तो उठून गॅरेजमध्ये जायचा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नीरजा ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथली तिची मैत्रीण झवादी एका शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, घरी आली, आपल्या दोन मुलींना घेऊन. बाई काँगोची आहे हे नीरजाने मुद्दामच आधी सांगितलं नव्हतं. चंद्रहासने कळल्यावर जरा घुम्यासारखं केलं, पण पाहुणी आहे म्हणून कलिंगड कापायला बसला. मुलं हॉलमध्ये रिमोटवरून भांडत होती.

"वेददादा, गिव्ह इट बॅक!" धाकटी तेजश्री ओरडली.

झवादीची धाकटी मुलगी आधी थबकली आणि मग हसून हसून गालिच्यावर लोळायला लागली. थोरलीही फुटली. झवादीने त्यांना दटावलं, पण हसू तिलाही आवरत नव्हतं. तिने नीरजाला सांगितलं की आमच्या स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि तुमची लेक एवढ्या मिसरूड फुटलेल्या मुलाला ताई ताई करते आहे. "शी, ग्रोस," वेद म्हणाला, आणि सगळं घर हसलं.

चंद्रहासच्या हातातली सुरी थांबली. हे हसणं त्याने ऐकलेलं होतं. असंच, पोट धरून. बारीक आवाजातलं ते "ओ दादा" त्याला आठवलं, आणि तो आवाज बाईचा होता हे आज पहिल्यांदा ऐकू आलं.

"आणि नानी?" त्याने इंग्रजीत विचारलं.

नीरजा म्हणाली, नानी कुठून आली मध्येच. झवादी म्हणाली, आमच्याकडे नानी म्हणजे 'कोण'.

"दादा या नानी," तो म्हणाला.

झवादीचं हसू गेलं. तिने आधी धाकटीला जवळ ओढलं. "कोणाची बहीण," ती इंग्रजीत, हळू म्हणाली. "हे तुम्ही कुठे ऐकलं? आमच्याकडे शिपाई दाराशी येऊन असं विचारायचे. त्यानंतर दार उघडावंच लागायचं."

चंद्रहास उठला आणि बाथरूममध्ये जाऊन बेसिनपाशी उभा राहिला. दार उघडणाऱ्या शिपायांचे ते जत्रेचे चेहरे. ते मुहिंदोसाठी आलेच नव्हते. ते पत्र्याआड लपवलेल्या बाईसाठी आले होते, आणि ती बाई त्यानेच त्या भोकाला तोंड लावून तिथे ठेवली होती. दोनदा दादा म्हणून. पहिल्यांदा कुणी ऐकलं नसेल म्हणून की काय, दुसऱ्यांदा. त्याने आरशावर मूठ मारली, मग काच तडकली तरी पुन्हा मारली. नीरजाने दार ठोठावलं तेव्हा त्याच्या बोटांतून रक्त गळत होतं आणि तो ते बघत बसला होता. हाताची हाडं ठेचल्यावर कसं वाटत असेल, याचा हा हजारावा हिस्साही नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सिडनीला निघाला. घरापासून हायवे लागतो तो थेट तिकडेच जातो. इतक्या वर्षांत तो त्या रस्त्यावरचे ट्रक दुरुस्त करत आला, पण स्वतः गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला कधी गेला नव्हता. जखमी हाताने स्टिअरिंग धरून त्याने दिवस काढला. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होता. ठरवलेलं सगळं गिरावीन येईपर्यंत विसरला.

दार सुखदाने उघडलं. ती विवेकची बायको. तिने त्याला ओळखलं आणि तिचा हात दारावरच राहिला, त्याला आत घ्यावं की दार लावावं हे तिला ठरवता येईना. मग तिने मागच्या अंगणाकडे बोट केलं. विवेक दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. त्याचे केस पांढरे झाले होते. पाठीमागून डाव्या बाजूने आलेल्याची चाहूल त्याला लागली नाही. चंद्रहासला समोर जाऊन उभं राहावं लागलं.

नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. दादा म्हणजे बहीण, असं चंद्रहास म्हणाला.

"माहीत आहे," विवेक म्हणाला.

"कधीपासून?"

"तू त्याला पहिल्यांदा हाक मारलीस तेव्हापासून."

मग विवेकने, हातातला टॉवेल घडी करत, सगळं सांगितलं. हवालदाराने विचारलं तेव्हा त्याला कळून चुकलं की हे आता दार उघडणार. त्याने हसून सांगितलं की हा माणूस वेडा आहे, हा बाप्यांनाही बहीण म्हणतो, इंजिनालाही म्हणत असेल, आत कुणी नाही. शिपाई हसले की निघून जातात हे त्याने प्रत्येक बांबूवर पाहिलं होतं. हसवून वेळ मारून न्यायची, तेवढीच विद्या त्याच्याकडे होती. त्या दिवशी ती पुरली नाही.

"मला आधीच का सांगितलं नाहीस?" चंद्रहासचा आवाज फाटला. "तो जिवंत होता तेव्हा. एका शब्दाचं काम होतं."

"मजा वाटायची म्हणून." विवेकने टॉवेल खाली ठेवला. "सगळे हसायचे, मीही हसायचो. एक शब्द सांगायला मला काय धाड भरली होती, हे मी रोज स्वतःला विचारतो. तू पाना घातलास तेव्हा वाटलं, बरं झालं, कुणीतरी घातला."

"आणि नंतर? कान गेला तुझा. तेव्हा तरी सांगायचं होतंस."

विवेक पायरीवर बसला.

"तुझ्याकडे त्याचा तेवढा एकच शब्द उरला होता, चंद्या. तू तो इथे प्रत्येकाला वाटत फिरायचास. तो कसा काढून घेऊ?"

चंद्रहास त्याच्या शेजारी बसला. मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "चुकलो मी, विवेक. माफ कर."

विवेक काहीच बोलला नाही. त्याने मानही वळवली नाही. चंद्रहास वाट बघत राहिला आणि मनात म्हणाला, बरोबर आहे, याने का माफ करावं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण विवेकच्या डाव्या बाजूला बसलो आहोत. तो कान त्यानेच फोडलेला होता.

तो उठला, विवेकच्या समोरून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, तिथे बसला आणि तेच शब्द पुन्हा म्हणाला.

"आता ऐकू आलं," विवेक म्हणाला.